कंपनी नोंदणीसाठी राज्याची निवड : न्यू जर्सी ते डेलावेअर
(एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

इ. स. १८८४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्याच्या विधिमंडळाने 'सदर्न पॅसिफिक कंपनी' या रेल्वे कंपनीला सनद दिली. या कंपनीच्या ताब्यातील लोहमार्ग कॅलिफोर्नियात आणि देशाच्या नैर्ऋत्य भागात पसरलेले होते. केंटकीत तिचा एकही लोहमार्ग नव्हता. एवढेच नव्हे, तर केंटकी राज्याच्या हद्दीत रेल्वे चालविण्यास तिला त्या सनदेनेच मनाई केली होती. जी कंपनी आपल्या हद्दीत नको, तिला दुसऱ्यांच्या हद्दीत व्यवसाय करण्यासाठी जन्म देणारे हे राज्य अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासात अपवाद ठरले नाही. पुढील दोन दशकांत न्यू जर्सीने व त्यानंतर डेलावेअरने याच व्यवहाराला राज्याच्या उत्पन्नाचे नियमित साधन बनविले.

'कंपनीची नोंदणी कोणत्या राज्यात करणे सर्वांत हितावह ?' हा प्रश्न सामान्यतः वाणिज्य वा विधी या विषयांच्या कक्षेत मोडतो. वकील आणि कर सल्लागार त्याचे उत्तर शुल्क, कर व कायदेशीर सवलती यांचा हिशेब मांडून देतात. तथापि हा प्रश्न विचारता येतो, हीच मुळात एक ऐतिहासिक घटना आहे. जगातील बहुतेक देशांत देशांतर्गत निवडीला एवढे महत्त्व नाही. अमेरिकेत ते कसे प्राप्त झाले, त्या निवडीचा लाभ कोणाला झाला आणि तिच्यामुळे लोकनियुक्त विधिमंडळांच्या अधिकारावर कोणत्या मर्यादा पडल्या, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) अमेरिकेत कंपनी नोंदणीबाबत राज्या-राज्यांत स्पर्धा निर्माण होण्याची कारणे शोधणे.
२) न्यू जर्सीचा उदय व ऱ्हास आणि डेलावेअरचे दीर्घकालीन वर्चस्व यांची कारणमीमांसा करणे.
३) या इतिहासाच्या प्रकाशात भारतीय घटनात्मक व्यवस्थेतील फरक स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

सनदेचे युग

अमेरिकन संघराज्याच्या स्थापनेच्या वेळी कंपनीला जन्म देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न चर्चिला गेला होता. १७८७ च्या फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत जेम्स मॅडिसन यांनी संघशासनाला सनदा देण्याचा अधिकार असावा, अशी सूचना केली. ती मान्य झाली नाही. परिणामी हा अधिकार व्यवहारतः राज्यांकडेच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कंपनीसाठी राज्य विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागे. पूल, कालवे, महामार्ग, बँका यांसारख्या लोकोपयोगी कार्यांसाठी अशा सनदा दिल्या जात. कंपनीचे भांडवल किती असावे, तिने कोणता व्यवसाय करावा, तिचे आयुष्य किती वर्षांचे असावे, या सर्व बाबी सनदेत नमूद असत. सनद ही राज्याने दिलेली देणगी असून तिच्या बदल्यात राज्य अटी घालू शकते, ही त्यामागील भूमिका होती. १८१९ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सनद हा एक करार असून राज्याला तो एकतर्फी मोडता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर उपाय म्हणून राज्यांनी सनदेत फेरबदल करण्याचा अधिकार सनदेतच राखून ठेवण्यास प्रारंभ केला.

स्वतंत्र सनदांच्या पद्धतीत वशिलेबाजीला व लाचलुचपतीला मोठा वाव होता. विधिमंडळात ज्याचे वजन त्यालाच सनद, अशी स्थिती होती. म्हणून ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही कंपनी स्थापन करता यावी, असे सर्वसाधारण कायदे हळूहळू करण्यात आले. न्यूयॉर्कने १८११ मध्ये कारखानदारी कंपन्यांसाठी, तर कनेक्टिकटने १८३७ मध्ये अधिक व्यापक स्वरूपाचा कायदा केला. न्यू जर्सीने १८७५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून स्वतंत्र सनदा बंद केल्या. ही सुधारणा लोकशाहीच्या दृष्टीने स्वागतार्ह होती. परंतु तिच्या पोटी एक अनपेक्षित परिणाम दडलेला होता. सनद ही देणगी न राहता ठरावीक किमतीला मिळणारी वस्तू झाली. आणि वस्तू म्हटली की ती विकणारी दुकाने व त्यांच्यातील स्पर्धा आलीच.

राज्याची सीमा आणि कंपनीचा संचार

स्पर्धा निर्माण होण्यासाठी आणखी एक अट पूर्ण होणे आवश्यक होते. एका राज्यात जन्मलेल्या कंपनीला दुसऱ्या राज्यात व्यवसाय करता यायला हवा होता. १८३९ मध्ये बँक ऑफ ऑगस्टा विरुद्ध अर्ल या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी, कंपनीचे अस्तित्व तिला जन्म देणाऱ्या राज्यापुरतेच असते, मात्र राज्याराज्यांमधील परस्पर सौजन्याच्या तत्त्वानुसार ती अन्यत्र करार करू शकते, अशी भूमिका घेतली. १८६९ च्या पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात परराज्यातील कंपनीवर अटी घालण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र आंतरराज्य व्यापाराचे नियमन संघशासनाच्या कक्षेत येत असल्याने, पुढील काळात त्या व्यापारात गुंतलेल्या कंपनीला पूर्णपणे रोखणे राज्यांना कठीण होत गेले.

याच्या जोडीला 'अंतर्गत व्यवहारांचे तत्त्व' न्यायालयांनी स्वीकारले. या तत्त्वानुसार भागधारक, संचालक आणि अधिकारी यांचे परस्परसंबंध कंपनीच्या नोंदणीच्या राज्यातील कायद्यानेच ठरतात. मग कंपनीचे कारखाने, कामगार आणि कचेऱ्या कोठेही असोत. ओहायोत तेल शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या संचालकांची जबाबदारी न्यू जर्सीचा कायदा ठरवू शकतो, ही गोष्ट या तत्त्वामुळे शक्य झाली. कंपनी जेथे राहते ते राज्य आणि कंपनी ज्याचा कायदा वापरते ते राज्य, या दोहोंची ही फारकत पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

न्यू जर्सीचा उदय

१८८० च्या दशकात अमेरिकेतील मोठे उद्योग एकत्रीकरणाच्या मार्गावर होते. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे भाग धारण करण्यास तत्कालीन कायद्यात सर्वसाधारणपणे परवानगी नव्हती. या अडचणीवर 'ट्रस्ट' ही युक्ती शोधून काढण्यात आली. १८८२ मध्ये स्टँडर्ड ऑईल ट्रस्टची रचना झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग मोजक्या विश्वस्तांच्या हवाली करावयाचे आणि त्यांनी सर्व कंपन्या एकसूत्रीपणे चालवावयाच्या, असा हा प्रकार होता. साखर उद्योगानेही हाच मार्ग चोखाळला.

राज्यांनी याविरुद्ध कारवाई केली. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने साखर ट्रस्टमध्ये सामील झालेल्या कंपनीविरुद्ध निर्णय दिला. १८९२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीस ट्रस्टपासून वेगळे होण्याचा आदेश दिला. दोन्ही राज्यांनी स्वतःच जन्माला घातलेल्या कंपन्यांना सनदेच्या मर्यादांची आठवण करून दिली होती. मक्तेदारीविरुद्धच्या लढ्यात राज्यांच्या हाती असलेले हे सर्वांत प्रभावी शस्त्र होते.

हे शस्त्र न्यू जर्सीने बोथट केले. १८८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाने कंपन्यांना इतर कंपन्यांचे भाग विकत घेण्याची व धारण करण्याची मुभा देणारी तरतूद केली. ट्रस्टच्या आडवळणाची गरजच उरली नाही. 'सूत्रधारी कंपनी' या नव्या प्रकाराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १८९६ मध्ये संपूर्ण कंपनी कायद्याची फेररचना करण्यात आली. न्यूयॉर्कमधील वकील जेम्स बी. डिल यांचा या सर्व घडामोडींत मोठा वाटा होता. बाहेरच्या कंपन्यांना न्यू जर्सीत नोंदणीकृत कार्यालय व प्रतिनिधी पुरविणारी स्वतंत्र संस्थाही १८९२ मध्ये उभी राहिली. हडसन नदीच्या पलीकडेच न्यूयॉर्कची वित्तीय पेठ असल्याने न्यू जर्सीचे भौगोलिक स्थानही सोयीचे ठरले.

१८९१ मध्ये साखर ट्रस्ट 'अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनी' या नावाने न्यू जर्सीत नोंदविला गेला. १८९९ मध्ये न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑईल कंपनी संपूर्ण समूहाची सूत्रधारी कंपनी बनली. १९०१ मध्ये सुमारे १४० कोटी डॉलर्सच्या भांडवलाची 'युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशन' न्यू जर्सीतच नोंदविण्यात आली. नोंदणी शुल्क व वार्षिक फ्रँचाइज कर यांतून राज्याच्या तिजोरीत एवढी भर पडू लागली की, विसाव्या शतकाच्या आरंभी राज्याचे कर्ज फिटले.

या सुबत्तेची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न समकालीनांनीही विचारला. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांनी १९०५ मध्ये 'मक्लुअर्स' या मासिकातील लेखमालेत न्यू जर्सीला 'विश्वासघातकी राज्य' ठरविले. इतर राज्यांच्या जनतेने आपल्या विधिमंडळांमार्फत ज्या गोष्टींना मनाई केली, त्या गोष्टींची परवानगी न्यू जर्सी पैसे घेऊन विकते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. ओहायोच्या शेतकऱ्याला वा पेनसिल्व्हेनियाच्या कामगाराला न्यू जर्सीच्या निवडणुकीत मत नव्हते. परंतु त्यांच्या जीवनावर परिणाम करणाऱ्या कंपन्यांचे नियम तेथे ठरत होते. स्टेफन्स यांच्या शब्दांतील तीव्रता बाजूला ठेवली तरी हा आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे.

'सात भगिनी' कायदे आणि न्यू जर्सीचा ऱ्हास

१९११ मध्ये वुड्रो विल्सन न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले. १९१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मक्तेदारीविरोध हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य विषय होता. मात्र ज्या ट्रस्टांवर ते टीका करीत, त्यांचे माहेरघर त्यांचेच राज्य आहे, याची आठवण विरोधक त्यांना करून देत असत. अध्यक्षपदी निवडून आल्यानंतर, परंतु ते पद स्वीकारण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी १९१३ मध्ये विल्सन यांनी सात कायद्यांवर स्वाक्षरी केली. हे कायदे 'सात भगिनी' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांनी मक्तेदारीची कृत्ये दंडनीय ठरविली आणि सूत्रधारी कंपन्यांवर कडक निर्बंध घातले.

या कायद्यांनी मक्तेदारी नष्ट झाली काय, याचे उत्तर नकारार्थी आहे. कंपन्यांनी केवळ आपली नोंदणी हलविली. जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ मध्ये न्यू जर्सीत स्थापन झाली होती. १९१६ मध्ये ती डेलावेअरमध्ये नव्याने नोंदविण्यात आली. द्यू पाँ उद्योगसमूहाची न्यू जर्सीत नोंदलेली कंपनीही १९१५ मध्ये डेलावेअरमध्ये आली. एकही यंत्र हलले नाही, एकाही कामगाराने गाव सोडले नाही. केवळ कागद एका राज्याच्या दप्तरातून दुसऱ्या राज्याच्या दप्तरात गेले. न्यू जर्सीला आपली चूक, किंवा आपल्या सदाचरणाची किंमत, लवकरच उमगली. १९१७ मध्ये या कायद्यांतील बहुतांश निर्बंध मागे घेण्यात आले. परंतु गेलेल्या कंपन्या परतल्या नाहीत. जे राज्य एकदा नियम अचानक बदलते ते पुन्हाही बदलू शकेल, ही शंका कायद्याच्या दुरुस्तीने दूर होत नाही.

न्यू जर्सीच्या अनुभवातून एक कटू सत्य समोर येते. एका राज्यातील मतदारांनी व राज्यकर्त्यांनी मक्तेदारीला आळा घालण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तेव्हा त्यांना फक्त आपले उत्पन्न गमवावे लागले. ज्यांच्यावर नियंत्रण ठेवावयाचे त्या कंपन्या मात्र अबाधित राहिल्या. निवडीचे स्वातंत्र्य जोवर कंपनीच्या हाती आहे, तोवर एकटे राज्य शिस्त लावू शकत नाही.

डेलावेअरचे वर्चस्व

डेलावेअर हे तीन परगण्यांचे छोटे राज्य. १९०० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८५ हजार होती. १८९७ च्या राज्यघटनेने तेथील स्वतंत्र सनदांची पद्धत बंद केली आणि १८९९ मध्ये सर्वसाधारण कंपनी कायदा संमत झाला. हा कायदा बव्हंशी न्यू जर्सीच्या १८९६ च्या कायद्यावरून बेतलेला होता. शुल्क मात्र कमी ठेवण्यात आले होते. वेस्ट व्हर्जिनियासारखी अन्य राज्येही या स्पर्धेत होती. म्हणजे डेलावेअरचा आरंभ मौलिक विचाराने झाला नव्हता. न्यू जर्सीने पाय मागे घेतला तेव्हा तेच दुकान स्वस्त दराने उघडून बसलेला शेजारी, एवढेच त्याचे स्थान होते.

मात्र हे वर्चस्व शंभराहून अधिक वर्षे टिकले, याचे स्पष्टीकरण केवळ स्वस्ताईने देता येत नाही. त्यामागे पुढील कारणे दिसतात.

पहिले कारण न्यायव्यवस्थेचे. डेलावेअरमध्ये १७९२ च्या राज्यघटनेने स्थापन झालेले चॅन्सरी न्यायालय आहे. इंग्लंडमधील समन्यायाच्या परंपरेतून आलेल्या या न्यायालयात ज्यूरी नसते. न्यायाधीशांची निवडणूक होत नाही. गव्हर्नर सिनेटच्या संमतीने त्यांना बारा वर्षांसाठी नेमतो. विश्वस्ताच्या कर्तव्यासंबंधी वाद सोडविणे हे या न्यायालयाचे मूळ काम असल्याने संचालकांच्या कर्तव्यासंबंधीचे वाद साहजिकच तेथे आले. निकाल लेखी व सकारण असतात. अशा हजारो निकालांमधून एवढा मोठा न्यायनिर्णयांचा साठा तयार झाला की, कोणत्या कृतीचा काय परिणाम होईल, हे वकिलाला बऱ्याच अंशी आधी सांगता येऊ लागले. उद्योजकाला सवलतीइतकीच निश्चितीही हवी असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे कारण घटनात्मक आहे. डेलावेअरच्या राज्यघटनेनुसार सर्वसाधारण कंपनी कायद्यात बदल करण्यासाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत लागते. त्यामुळे न्यू जर्सीसारखा आकस्मिक बदल तेथे सहजी घडू शकत नाही.

तिसरे कारण आर्थिक आहे. विधिज्ञ रॉबर्टा रोमॅनो यांनी १९८५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, १९६० ते १९८० या काळात डेलावेअरच्या कर उत्पन्नापैकी सरासरी सुमारे १६ टक्के उत्पन्न फ्रँचाइज कराचे होते. मोठ्या राज्याला हे उत्पन्न गेले तरी चालते. लहान राज्याला ते परवडत नाही. कंपन्या डेलावेअरवर जेवढ्या अवलंबून, त्याहून डेलावेअर कंपन्यांवर अधिक अवलंबून आहे. रोमॅनो यांच्या मते हे परावलंबित्वच डेलावेअरच्या शब्दाला तारण ठरते.

या व्यवस्थेचे बाह्य स्वरूप विल्मिंग्टन शहरात पाहावयास मिळते. तेथील नॉर्थ ऑरेंज रस्त्यावरील एका साध्या इमारतीचा पत्ता दोन लाखांहून अधिक कंपन्यांनी आपला नोंदणीकृत पत्ता म्हणून दिला असल्याचे २०१२ च्या सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. २०२३ पर्यंत डेलावेअरमध्ये नोंदलेल्या संस्थांची संख्या वीस लाखांवर गेली होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येहून अधिक. आणि अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश कंपन्या तेथे नोंदलेल्या होत्या.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट होईल. लहान व्यावसायिकालाही डेलावेअरच सर्वोत्तम, असे मानण्याचा प्रघात आहे. वास्तविक ओहायोतील दुकानदाराने डेलावेअरमध्ये कंपनी नोंदविली, तरी ओहायोत व्यवसाय करण्यासाठी त्याला तेथे परराज्यातील कंपनी म्हणून पुन्हा नोंदणी करावी लागते, दोन्हीकडे शुल्क भरावे लागते, आणि त्या व्यवसायावरील कर ओहायोतही चुकत नाही. ज्यांचे भागधारक देशभर विखुरलेले आहेत अथवा ज्यांना बाहेरून भांडवल उभारावयाचे आहे, त्यांच्यासाठीच ही निवड अर्थपूर्ण ठरते. इतरांना बहुधा आपले घरचे राज्यच सोयीचे असते.

तळाकडे की शिखराकडे ?

राज्यांमधील या स्पर्धेचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी १९३३ च्या लिगेट विरुद्ध ली या खटल्यातील आपल्या भिन्नमत निकालपत्रात या इतिहासाचा विस्तृत आढावा घेतला. राज्यांची ही चढाओढ दक्षतेची नसून शिथिलतेची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७४ मध्ये विल्यम केरी यांनी हाच विचार पुढे नेला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाचे अध्यक्षपद भूषविलेल्या केरी यांनी डेलावेअर ही तळाकडे जाणाऱ्या शर्यतीतील अग्रणी असल्याचे म्हटले आणि मोठ्या कंपन्यांसाठी संघशासनाने किमान नियम ठरवावेत, असे सुचविले.

याला १९७७ मध्ये राल्फ विंटर यांनी उत्तर दिले. एखाद्या राज्याचा कायदा संचालकांना भागधारकांची लूट करू देत असेल तर गुंतवणूकदार त्या कंपनीच्या भागांना कमी किंमत देतील. त्यामुळे भांडवल उभारणे महाग होईल आणि कंपनी अधिक चांगला कायदा असलेल्या राज्याकडे वळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. या मतानुसार शर्यत शिखराकडे जाणारी ठरते.

दोन्ही मतांना आधार देणारी उदाहरणे इतिहासात आढळतात. १९८५ मध्ये स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉरकॉम या खटल्यात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी माहिती न घेता कंपनी विकण्यास संमती देणाऱ्या संचालकांना वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले. हा निकाल शिथिलतेचा खचितच नव्हता. परंतु पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, विधिमंडळाने दक्षतेच्या कर्तव्याचा भंग झाल्यास संचालकांना नुकसानभरपाईपासून मुक्त ठेवण्याची मुभा कंपन्यांना दिली. न्यायालयाने घातलेला लगाम विधिमंडळाने सैल केला. दुसरीकडे, नॉर्थ डकोटाने २००७ मध्ये भागधारकांना अधिक अधिकार देणारा खास कायदा केला. मोठ्या कंपन्या त्याकडे फारशा फिरकल्या नाहीत. विंटर यांचे प्रतिपादन पूर्णांशाने खरे असते तर तेथे रांग लागावयास हवी होती. नोंदणी हलविण्याचा प्रस्ताव संचालक मांडतात, भागधारक त्याला केवळ संमती देतात, ही बाब येथे निर्णायक ठरते.

तथापि या वादाची एक मर्यादा आहे. केरी आणि विंटर या दोघांच्याही विवेचनाच्या केंद्रस्थानी भागधारक व संचालक आहेत. स्टेफन्स यांनी ज्यांची बाजू मांडली ते कामगार, ग्राहक आणि कारखान्याभोवतालची वस्ती या वादात जवळजवळ दिसत नाहीत. अमेरिकेला अखेर संघशासनाच्या कायद्यांचाच आश्रय घ्यावा लागला. १८९० चा शर्मन कायदा, १९१४ चा क्लेटन कायदा, १९३३ व १९३४ चे रोखेविषयक कायदे आणि २००२ चा सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा ही त्याची उदाहरणे होत. अध्यक्ष टाफ्ट यांनी १९१० मध्ये कंपन्यांच्या संघीय नोंदणीचा प्रस्ताव काँग्रेसपुढे मांडला होता. तो मात्र मान्य झाला नाही.

अलीकडील घडामोडी

जानेवारी २०२४ मध्ये डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयाच्या चॅन्सलर कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी टेस्ला कंपनीने इलॉन मस्क यांना २०१८ मध्ये मंजूर केलेले मोबदल्याचे पॅकेज रद्द ठरविले. त्यानंतर जून २०२४ मध्ये टेस्लाच्या भागधारकांनी कंपनीची नोंदणी टेक्सासमध्ये हलविण्यास मान्यता दिली. टेक्सासने सप्टेंबर २०२४ पासून व्यापारविषयक दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू केले. संचालकांना अधिक संरक्षण देणारे नेवाडाही स्पर्धेत होतेच. मार्च २०२५ मध्ये डेलावेअरने आपल्या कंपनी कायद्यात दुरुस्ती करून नियंत्रक भागधारकांच्या व्यवहारांना अधिक संरक्षण दिले आणि कंपनीचे दप्तर तपासण्याच्या भागधारकांच्या अधिकाराची व्याप्ती मर्यादित केली. डिसेंबर २०२५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅकेज रद्द करणारा आदेश फिरविला.

न्यू जर्सीने १९१३ मध्ये कायदा कडक केला आणि कंपन्या गमावल्या. डेलावेअरने २०२५ मध्ये कंपन्या गमावू नयेत म्हणून कायदा शिथिल केला. या दोन घटनांमध्ये ११२ वर्षांचे अंतर असले तरी त्यांच्यामागील नियम एकच आहे. जे परावलंबित्व डेलावेअरच्या शब्दाला तारण ठरले, तेच त्याच्या स्वातंत्र्यावरील ओझेही ठरले.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. १८५० च्या कायद्यापासून ब्रिटिश हिंदुस्थानातील कंपनी कायदा केंद्रीय स्वरूपाचा राहिला. संस्थानांची स्थिती मात्र निराळी होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा ही बडोदा संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्यान्वये नोंदविण्यात आली होती. म्हणजे निरनिराळ्या कायद्यांखाली कंपनीचा जन्म होण्याची शक्यता या भूमीलाही अपरिचित नव्हती. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ती संपुष्टात आली.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ४३ व ४४ या नोंदींनी व्यापारी कंपन्यांची आणि एकाहून अधिक राज्यांत कार्य करणाऱ्या निगमांची निर्मिती व नियमन संसदेकडे सोपविले. त्यामुळे १९५६ चा आणि त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा देशभर समान रीतीने लागू झाला. मुंबईत नोंदणी करावी की अहमदाबादेत, हा प्रश्न भारतीय उद्योजकासमोरही असतो. परंतु त्यातून मुद्रांक शुल्क, कंपनी निबंधकाचे कार्यालय आणि न्यायाधिकरणाचे अधिकारक्षेत्र एवढेच बदलते. संचालकांची कर्तव्ये राज्य बदलल्याने बदलत नाहीत.

सहकाराचे क्षेत्र याला अपवाद आहे. सहकारी संस्था हा राज्यसूचीतील ३२ व्या नोंदीचा विषय असल्याने महाराष्ट्रातील संस्था १९६० च्या राज्य कायद्याखाली नोंदविल्या जातात, तर एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या संस्थांसाठी २००२ चा केंद्रीय कायदा आहे. आपण कोणत्या निबंधकाला उत्तरदायी असावे, या निवडीचा एक मर्यादित अवकाश येथे उपलब्ध होतो. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीचा राज्यांतर्गत सहकारी संस्थांविषयीचा भाग राज्यांच्या संमतीअभावी रद्दबातल ठरविला आणि या विषयावरील राज्यांचा अधिकार अधोरेखित केला.

देशांतर्गत निवड नाही म्हणून भारतीय उद्योग या स्पर्धेच्या बाहेर आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस भांडवल देशांच्या सीमा ओलांडू लागले आणि राज्यांची शर्यत राष्ट्रांच्या पातळीवर पोहोचली. परकीय गुंतवणूकदारांच्या आग्रहामुळे अनेक भारतीय नवउद्योगांनी आपली मूळ कंपनी डेलावेअर किंवा सिंगापूर येथे नोंदविली आणि कामकाज मात्र बंगळुरू-पुण्यात ठेवले. भारतीय भागबाजारात उतरण्याच्या उद्देशाने त्यांतील काहींनी पुढे परतीचा मार्ग धरला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने नियमांत बदल करून अशा परदेशी मूळ कंपनीचे तिच्या भारतीय दुय्यम कंपनीत विलीनीकरण सुलभ केले.

निष्कर्ष

१) कंपनी नोंदणीसाठी राज्य निवडण्याचे स्वातंत्र्य कोणी जाणीवपूर्वक बहाल केले नव्हते. संघशासनाला नाकारलेला सनदेचा अधिकार, सर्वसाधारण कंपनी कायदे, परराज्यातील कंपनीला मिळालेली मान्यता आणि अंतर्गत व्यवहारांचे तत्त्व या चार गोष्टींच्या संयोगातून ते निर्माण झाले.

२) न्यू जर्सीचा ऱ्हास कायद्याच्या कडकपणाइतकाच त्याच्या अनपेक्षितपणामुळे झाला. डेलावेअरचे वर्चस्व न्यायालय, घटनात्मक तरतूद आणि महसुली परावलंबित्व यांमुळे टिकले.

३) या स्पर्धेत भागधारकांचे हित साधले गेले की नाही, याविषयी मतभेद आहेत. मात्र कंपनीच्या कृतीचे परिणाम भोगणाऱ्या इतर घटकांना या निवडीत स्थान नव्हते, ही बाब निर्विवाद आहे.

४) एखादे राज्य एकटे कठोर झाल्यास कंपनी सुधारत नाही, ती निघून जाते. म्हणून किमान नियम त्या सत्तेने ठरविणे आवश्यक ठरते, जिच्या कक्षेबाहेर जाणे कंपनीला सहज शक्य नाही. भारतीय घटनाकारांनी कंपनी कायदा संसदेकडे सोपवून ही काळजी देशापुरती घेतली. राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेबाबत तशी सर्वमान्य सत्ता अस्तित्वात नाही.

'सर्वोत्तम राज्य कोणते ?' या प्रश्नाचे उत्तर कंपनीसाठी काळानुसार बदलत आले : कधी न्यू जर्सी, नंतर डेलावेअर, आणि काहींच्या लेखी आता टेक्सास. 'कोणासाठी सर्वोत्तम ?' हा उपप्रश्न त्याला जोडल्याशिवाय मात्र ते उत्तर अपुरेच राहते. केंटकीच्या विधिमंडळाने १८८४ मध्ये तो उपप्रश्न फक्त स्वतःपुरता विचारला होता आणि स्वतःच्या हद्दीपुरते त्याचे उत्तरही देऊन टाकले होते.